गुलकंदातली गोळी

अँटिबायोटिकच्या कॅप्सूल चालू असताना मूल लांबवायच्या गोळ्या काम करतात की नाही? माझा प्रश्न एवढाच होता आणि उत्तर एका शब्दात मावणारं होतं. पण तो एक शब्द मिळवायला मला लातूरहून नांदेडला जावं लागलं, तेही सासूला शेजारच्या सीटवर बसवून.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. माझा नवरा नव्या जिल्हा कचेरीत कारकून होता आणि त्याच्या डोक्यात जिल्हा इतका भिनला होता की भाजीत मीठ कमी पडलं तरी "आता आपण जिल्हा आहोत" असं म्हणायला तो कमी करत नसे. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानंही पाटी बदलून दुकानाच्या नावात 'जिल्हा' घातला होता. सगळं काही जिल्ह्याचं झालं होतं, फक्त पाणी अजून जुन्या तालुक्याचंच होतं, म्हणजे नव्हतंच. पावसानं पाठ फिरवलेली होती. टँकर यायचा तेव्हा गल्लीतल्या बायका घागरींसकट अशा धावायच्या की वरातीतला घोडा बिचकावा. त्या टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून यायचं हे विचारायची सोय नव्हती. मिळालं की गाळायचं, तुरटी फिरवायची आणि महादेवाचं नाव घेऊन प्यायचं.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला, लिंगायतांच्या घरात आले. सासरे आडत दुकानदार. माझं बी.ए. झालेलं होतं आणि येत्या जुलैपासून नांदेडच्या कॉलेजात बी.एड.ला माझं नाव लागलं होतं. माहेरी राहून एक वर्ष शिकायचं, मग शाळेत नोकरी. मामंजींनी परवानगी दिली, पण आडतीत माल उचलावा तशी, अट घालून.

"शिका की. मी कशाला न्हाई म्हनू? पण त्याच्या आत काही गोड बातमी आली, तर कॉलेज बंद. पोटुशी सून यष्टीत आदळत जाऊन राहिली, असं मला बाजारात ऐकायचं न्हाई."

म्हणून गोळ्या. नवऱ्यानंच आणल्या, कारण त्यालाही मास्तरीणबाई बायको हवी होती. पण त्या पाकिटावर सासूची नजर पडली तेव्हा या शूर माणसाची जीभ टाळ्याला चिकटली.

"हे काय रे?" तिनं विचारलं.

"रक्ताच्या गोळ्या, अव्वा," तो म्हणाला. "हिच्या अंगात रक्त कमी हाय."

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, केवढी खूश झाली! सुनेच्या अंगात रक्त वाढलं की नातवंड धरायला किती वेळ? तिनं श्रावणी सोमवारांखेरीज आणखी सोळा सोमवार माझ्यासाठी बोलले होते. इकडे मी रोज रात्री तिच्याच डोळ्यांसमोर, तिनंच दिलेल्या तांब्यातल्या पाण्यानं, तिच्या सोमवारांना सुरुंग लावत होते. आणि ती कौतुकानं बघायची, "घेतलीस का गं? इसरू नको."

या घराची एक रीत इथंच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. घरात कुणी अंथरूण धरलं की त्यानं स्वतःच्या हातानं औषध घ्यायचं नाही. आपल्या हातानं घेतलेलं औषध लागू पडत नाही, दुसऱ्याच्या हातून घेतलं की पडतं. आणि दुसरा हात म्हणजे आत्याबाईंचा. डॉक्टरनं काहीही लिहून देवो, औषधं आधी तिच्या डब्यात जायची आणि तिथून तिच्या कायद्यानं बाहेर यायची. कडू गोळी गुलकंदात लपवून, खोकल्याचं औषध जेवणानंतर, आणि दोन उष्ण औषधं एका वेळी कधीच नाहीत. उष्ण कोणतं आणि थंड कोणतं, हे तिला वासावरून कळायचं.

चैत्र संपता संपता मला ताप भरला. टँकरच्या पाण्यानं अर्धी गल्ली झोपली होती, त्यात मी. डॉक्टर म्हणाले टायफॉईड, आणि मोठमोठ्या कॅप्सूल लिहून दिल्या. मी गोळ्यांचं नवं पाकीट सुरू करणारच होते. ताप असा की भिंतीवरचं कॅलेंडर माझ्याशी बोलत होतं. तरी मी शुद्धीवर आले की एक गोष्ट न चुकता सांगायची, "आत्याबाई, ती रक्ताचीपण."

"देऊन राहिले की," ती म्हणायची. "तू डोळे मीट."

कॅप्सूल माझ्या जिभेवर पडायची, पाणी घशात उतरायचं आणि वर गुलकंदाची गोळी यायची. मी समजत होते, त्या गुलकंदातच माझं बी.एड. आहे.

ताप उतरला. पाकीट पाहिलं तर गोळ्या ओळीनं संपत आलेल्या. शाब्बास सासू, असं मनात म्हणत उरलेल्या मी स्वतः घेतल्या. तोंडाला चव परत आली, आणि माणसाला चव एकाच गोष्टीची येत नाही, हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. मग पाळीचा दिवस आला, आणि तसाच निघून गेला.

मी घाबरले. नवऱ्यानं कचेरीत कुणाला तरी "एका मित्राच्या बायकोची हकीकत" म्हणून विचारलं. त्या मित्राच्या बायकोबद्दल अख्ख्या कचेरीला माहीत होतं की ती मीच. तिथून निकाल आला की कॅप्सूल पोटात गेली की ती गोळी मरते. कुणाच्या तरी मेहुणीचं तसंच झालं होतं. प्रत्येकाला एक मेहुणी असते आणि तिचं नेहमी तसंच झालेलं असतं.

मी म्हटलं, डॉक्टरला विचारू. गेलो. आता आमच्याकडच्या दवाखान्याची रीत ऐका. नाडी माझी धरायची आणि प्रश्न नवऱ्याला विचारायचे.

"आता कशी आहे तब्येत?" डॉक्टरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून त्याला विचारलं.

"चांगली हाय. पण साहेब, त्या कॅप्सूल चालू होत्या ना, तवा ही दुसऱ्या गोळ्यापण घेत होती. तर त्या… चालतात का?"

"कसल्या गोळ्या?"

बाहेर बाकावर आमच्याच गल्लीतली दोन माणसं बसलेली. दाराला पडदा होता, पण तो फक्त नजरेपुरता. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले.

"रक्ताच्या," तो म्हणाला.

डॉक्टरलासुद्धा! मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळला आणि आणखी ठासून म्हणाला, "रक्ताच्याच, साहेब."

"मग काय हरकत आहे?" डॉक्टर म्हणाले. "उत्तम. चालू ठेवा."

रस्त्यात मी त्याला जे बोलले ते छापायला संपादक धजणार नाहीत.

"अगं, पण डॉक्टर चालतात म्हनला की!" तो म्हणाला.

"रक्ताच्या चालतात म्हणाला! तू त्याला जो प्रश्न विचारलाच नाहीस, त्याचं उत्तर तो कसं देईल?"

"पण त्यानं उत्तर चांगलंच दिलं ना? मग तू परेशान कशाला होऊन राहिली?"

मग मी एकटी औषधांच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसानं प्रश्न पुरता ऐकला, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, लेडीज गिऱ्हाइकाला आम्ही असलं सांगत न्हाई. साहेबांना पाठवा."

साहेबांना पाठवलं. साहेब परत आले ते विजयी चेहऱ्यानं.

"काय म्हणाला?"

"म्हनला, फरक पडतोपण आणि न्हाईपण. ज्याची त्याची तब्येत."

शेजारच्या शिकलेल्या वहिनींना विचारलं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून डोळे मिचकावले आणि कैरी आणून दिली. ज्याला विचारावं तो माझा प्रश्न सोडून दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर देत होता. साधा प्रश्न, साध्या मराठीत, आणि एका अख्ख्या जिल्ह्याला तो सरळ ऐकता येत नव्हता!

तेव्हा मी ठरवलं, नांदेडला जायचं. तिथं माझ्या आईच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बाईनं विचारलं की त्या बाईलाच उत्तर देतात अशी त्यांची ख्याती होती. कॉलेजात कागद द्यायचे आहेत असं घरी सांगितलं. आत्याबाईंनी ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली.

"मीपण येते. ताप पोटात उतरलाय तुझ्या. तोंड बघ कसं झालंय. इहिणीला मी काय तोंड दाखवू?"

नको म्हणायची सोय नव्हती. एस.टी. चाकूर, अहमदपूर करत निघाली. खिडकीबाहेर सगळं शिवार भाजलेल्या पापडासारखं. नुसत्या धक्क्यांनीच मामंजींच्या अटीची आठवण येत होती. आत्याबाई माझ्या कपाळाला हात लावून सारखी विचारायची, "मळमळून राहिलं का?" मळमळत होतं. ते कशानं, हेच तर मला जाणून घ्यायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. आत्याबाई न विचारता दुसऱ्या खुर्चीवर बसली. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. 'या बाहेर बसतील का' असं म्हणायचं धाडस दोघींनाही झालं नाही.

"बोला," बाई म्हणाल्या.

मी रक्ताच्या गोळ्यांपासून सुरुवात केली. दोन वाक्यांतच बाईंनी चष्मा काढला.

"हे बघ, मला दुपारपर्यंत एवढ्या बायका तपासायच्या आहेत. कोड्यात बोलू नकोस. कोणत्या गोळ्या? नाव सांग नाहीतर पाकीट दाखव."

मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उलटून पाहिलं आणि लहान मुलालाही कळेल अशा आवाजात म्हणाल्या, "या मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आहेत. रक्ताच्या कोण म्हणालं?"

आत्याबाईंच्या हातातला पंखा थांबला.

मी म्हटलं, आता कापलेच गेलेय तर प्रश्न तरी विचारून घेऊ. एका दमात विचारला. कॅप्सूलनी माझ्या गोळ्या मारल्या का?

आणि काय सांगू! त्या बाईंनी उत्तर दिलं. सरळ. मला.

"या तापाच्या कॅप्सूलनी गोळी निकामी झालेली मी तरी पाहिलेली नाही. जपून राहा असं पुस्तकं म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. क्षयाचं एक औषध आहे, लघवी लाल करणारं. ते मात्र गोळीचा खरंच घात करतं. ते चालू असलं तर गोळीवर बिलकूल विसंबायचं नाही. आणि सारख्या उलट्या-जुलाब झाले, तर गोळी अंगाला लागत नाही. तसं काही झालं होतं?"

"नाही. नुसता ताप."

"मग रोज घेतलीस?"

"रोज. शपथेवर सांगते. अंथरुणात होते तेव्हा आत्याबाईंच्या हातून, गुलकंदातून."

बाईंनी मान वळवली. "दिल्या होत्या ना, मावशी?"

आत्याबाई पाकिटाकडे बघत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागही होता आणि चोरी पकडल्यासारखंही काही होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"नाही?" मी ओरडलेच. "अहो, पण पाकीट तर रिकामं होत होतं!"

"कॅप्सूल उष्ण. रक्ताची गोळी उष्ण. वर ऊन हे असं. दोन्ही एकदम दिल्या असत्या तर आतडं जळालं असतं तुझं. मी तुला नुसता गुलकंद देत व्हते. थंड असतो." मग पदर सारखा करून, "पन तू रोज पाकीट बघशील म्हनून एकेक काढत व्हते."

"काढून काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा हात तोंडाकडे चालला होता.

"फेकायच्या कशाला? महाग असत्यात. परसातला बेल वाळून चाललाय, पाणी न्हाई. रक्ताच्या हायत, त्याला तरी जोर येईल म्हनून मुळाशी घातल्या."

डॉक्टरीणबाई उठून खिडकीकडे गेल्या आणि बराच वेळ आम्हांला पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. परत आल्या तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "मिळालं उत्तर? गोळी घेऊनही फसलो म्हणत ज्या बायका माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक अशाच फसलेल्या असतात. पोटात न गेलेल्या गोळीनं." मग त्यांनी मला पडद्याआड नेऊन तपासलं. दिवस गेले होते.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या लेकीच्या वेळी तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नेहमीच्या अँटिबायोटिकनी गोळीत फरक पडत नाही. क्षयाच्या त्या औषधानं आणि त्याच्या भाऊबंदांनी पडतो, तेव्हा दुसरा उपाय हवाच. इतकं साधं! आणि आमच्याकडे कॅप्सूल आणि गोळीची कुस्ती लागलीच नव्हती. गोळी आखाड्यात उतरलीच नव्हती.

दवाखान्याबाहेर आम्ही दोघी एका लिंबाखाली उभ्या राहिलो. मला रडायला येत होतं आणि हसायलाही येत होतं. दोन्ही दाबून मी म्हटलं, "आत्याबाई, माझं कॉलेज गेलं."

"तुझं कॉलेज!" ती उसळली. "मी सोमवार करून राहिले आनि तू माझ्याच म्होरं त्या गोळ्या गिळून राहिली! उपाशी मी! खिचडी खाऊन खाऊन माझं पोट गेलं कामातून! आनि त्यो माझा लेक, रक्ताच्या म्हन! येऊ दे लातूर, त्याचंच रक्त काढते!"

"तुम्हांला खरं सांगितलं असतं तर?"

"तर काय?"

"तर घेऊ दिल्या असत्या?"

तिनं विचार केला. खरंच केला, पदर कमरेला खोचून, खाली बघून.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? साकू!" ती उदगीरकडची, फार चिडली की कानडीत पुरे म्हणायची. त्यानंतर माझ्या माहेरी जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मात्र मला दिली. अहमदपूरच्या पुढं कुठं तरी अचानक म्हणाली, "माझ्या हातचं औषध कुनाला लागलं न्हाई असं आजवर झालं न्हाई. आनि तू तिथं डाक्टरणीपुढं म्हनलीस, हिच्या हातून घेतल्या."

"तुम्ही दिल्याच नाहीत ना पण!"

"त्येच की," ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा मामंजी ओसरीवर बसलेले होते. नवरा आमचे चेहरे पाहून आधीच दारामागं गेला. आत्याबाईनं चप्पल काढली, पाय धुवायला पाणी नव्हतं म्हणून ओल्या फडक्यानं पुसले आणि सांगून टाकलं, "सुनेला दिवस गेलेत."

मामंजींनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं. "शिवा, शिवा! महादेवानं दिलं!" मग माझ्याकडे बघून, वाईट वाटल्यासारखा चेहरा करून, पण फार वाईट नाही, म्हणाले, "मग आता कॉलेजचं राहिलं म्हनायचं. ठरलंच व्हतं आपलं."

मी काही बोलणार तेवढ्यात आत्याबाई मधे उभी राहिली.

"महादेवानं कशाला? माझ्या हातानं झालंय."

"तुझ्या हातानं?" मामंजींना काहीच कळेना. दारामागं माझा नवरा खोकला.

"कसं ते इचारू नका, तुमाला झेपनार न्हाई. पन माझ्या हातानं झालंय. तवा पुढचं काय करायचं त्ये मी ठरवनार. पोरगी शिकायला जानार. तिच्या अव्वाचं घर कॉलेजपासून जवळ हाय, मी बघून आले. पोट वाढलं की मी जाऊन राहीन. लेकरू झालं की मी धरीन. ती शिकंल."

"आणि व्याह्याच्या घरात तू राहनार? लोक काय म्हनतील?"

"लोकांना म्हनावं, टँकर आलाय, घागरी घ्या."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून त्यांचा जिल्हा कचेरीतला मुलगा अजूनही बाहेर यायला तयार नव्हता. त्यांनी हिशेब करावा तसे ओठ हलवले. आडतीत तीस वर्षं घालवलेल्या माणसाला सौदा कुठं मोडतो हे कळतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"बरं," ते म्हणाले. "नांदेडची सकाळची गाडी किती वाजता सुटती?"